रक्तवाहिनीच्या दारीं आलेला निरोप

मनुष्य एकाएकीं भ्याला म्हणजे त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, हातपाय गार होतात आणि छातींत धडधडूं लागतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. धडधडीचें कारण हृदय, हें कोणीहि सांगेल. परंतु चेहरा पांढरा कां पडावा? रक्त कांहीं शरीरांतून नाहींसें झालेलें नसतें. तें त्वचेकडून काढून घेऊन दुसरीकडे वळविलेलें असतें, आणि हें काम त्वचेंतील बारीक रोहिण्या स्वतःस आवळून घेऊन करितात. ज्या पदार्थांच्या सांगण्यावरून त्या असें करितात त्यांस संप्रेरकें अथवा हॉर्मोन्स म्हणतात. संप्रेरकानें हुकूम केला आणि रक्तवाहिनी आवळली, एवढें सांगून बहुतेक क्रमिक पुस्तकें हा विषय आटोपतात. आम्हांस येथें त्या दोहोंच्या मध्यें काय घडतें तें पाहावयाचें आहे. खरी मौज तेथेंच आहे, आणि आपल्या घरांतील वडील मंडळी रोज सकाळीं रक्तदाबासाठीं ज्या गोळ्या घेतात त्यांचें वर्महि तेथेंच आहे.

रक्तवाहिनीची भिंत रबरी नळीप्रमाणें एकजिनसी नसते. आंतल्या बाजूस, रक्ताला लागून, पेशींच्या एकाच थराचें पातळ अस्तर असतें. त्याच्या बाहेर स्नायुपेशींचा थर असून त्या पेशी नळीभोंवतीं आडव्या वेढ्यासारख्या बसलेल्या असतात. लांकडी पिंपाभोंवतीं लोखंडी कडीं ठोकलेलीं असतात, तशीच ही रचना म्हणावी. मात्र पिंपाचें कडें एकदां बसलें कीं बसलें, आणि हें कडें प्रसंगानुसार घट्ट किंवा सैल होऊं शकतें. दंडाचे स्नायु आपल्या इच्छेनें हालतात. हे तसे नव्हेत, म्हणून यांस अनैच्छिक स्नायु म्हणतात. त्यांतील एकेक पेशी चातीसारखी, म्हणजे मध्यें फुगीर व दोन्ही टोकांस निमुळती असते.

हें कडें किंचित् आवळलें तरी परिणाम केवढा होतो तो पाहा. प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें 1840 च्या सुमारास केसासारख्या बारीक कांचनळ्यांतून पाणी सोडून असें दाखविलें कीं, नळींतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न राहतां सोळावा हिस्सा उरतो. ती नुसती एक-दशांशानें घटली तरी सुमारें एक-तृतीयांश प्रवाह कमी होतो. रक्तवाहिनीस हा नियम अगदीं तंतोतंत लागू पडत नाहीं, कारण रक्त म्हणजे पाणी नव्हे. तरी अंदाज बांधण्यास तो पुरेसा आहे. चतुर्थ घात शिकून पुढें त्याचें काय करावयाचें, असें गणिताच्या तासाला पुटपुटणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. त्यांनीं आपल्या मनगटावरील नाडीकडे पाहावें!

आतां दोन जुन्या गोष्टी सांगतों. दोन्ही लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत घडल्या. पहिली 1882 सालची. सिडनी रिंगर नांवाचे डॉक्टर बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून तें मिठाच्या द्रावणांत चालू ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय उत्तम चाललें. पुढें असें उघडकीस आलें कीं, द्रावणाचें पाणी ऊर्ध्वपातनानें शुद्ध केलेलें नव्हतें. तें लंडनच्या नळाचें होतें. शुद्ध पाण्याचें द्रावण घेतांच हृदयाचे ठोके थोड्याच वेळांत मंदावून थांबले. मग नळाच्या पाण्यांतील क्षारांचा छडा लावतां लावतां कॅल्शियम सांपडलें. तें घालतांच हृदय पुन्हा चालूं लागलें. रिंगर यांनीं 1883 सालीं आपला पूर्वीचा निष्कर्ष मोकळेपणानें दुरुस्त करून प्रसिद्ध केला. चुनखडी, शिंपला व हाड यांत सांपडणारें हें द्रव्य स्नायूच्या चलनवलनास अवश्य आहे, ही गोष्ट जगास अशी नळाच्या पाण्याच्या कृपेनें कळली.

दुसरी गोष्ट 1893-94 सालची. हॅरोगेट गांवीं वैद्यकी करणारे जॉर्ज ऑलिव्हर हे शेफर नांवाच्या प्राध्यापकांकडे आले. मूत्रपिंडावर टोपीप्रमाणें बसलेल्या ज्या अधिवृक्क ग्रंथि, त्यांचा अर्क त्यांनीं आणिला होता. बेशुद्ध केलेल्या जनावराच्या नीलेंत तो अर्क टोंचतांच रक्तदाब दाखविणारा पाऱ्याचा स्तंभ झपाट्यानें वर चढला. या अर्कांतील गुणकारी द्रव्य ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानें शुद्ध स्वरूपांत वेगळें केल्याचें 1901 सालीं प्रसिद्ध झालें. त्यालाच ॲड्रेनलिन म्हणतात.

एकीकडे कॅल्शियम, दुसरीकडे संप्रेरक. दोन्ही प्रयोग एकाच विद्यालयांत व बारा वर्षांच्या आंत झाले, परंतु त्यांमधला सांधा जुळावयास पुढें सुमारें 90 वर्षें लागलीं.

तो सांधा समजण्यापूर्वीं एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. रक्तांत व पेशींभोंवतालच्या द्रवांत जेवढें मोकळें कॅल्शियम असतें, त्याच्या सुमारें दहा-हजारावा हिस्साच विसावलेल्या स्नायुपेशीच्या आंत मोकळा असतो. एवढी तफावत आपोआप टिकत नाहीं. पेशीच्या पटलांत बसविलेले पंप रात्रंदिवस शक्ति खर्चून कॅल्शियम बाहेर टाकीत असतात. शिवाय पेशीच्या आंतच पडद्यांनीं वेढलेलें एक कोठार असतें. त्यांत दुसरे पंप कॅल्शियम भरून ठेवितात. हा सारा खटाटोप कशासाठीं? शाळेची घंटा ऐकूं येते ती वर्ग चालू असतां आवारांत शांतता असते म्हणून. तीच घंटा आठवड्याच्या बाजारांत बडविली तर कोणी मान वर करूनहि पाहणार नाहीं. पेशीच्या आंत कॅल्शियमाच्या बाबतींत अशी शांतता राखलेली असते. म्हणून तें मूळच्या पांच-दहा पट झालें, तरी तेवढ्यानें सबंध पेशीला हांक ऐकूं जाते. कॅल्शियमाला निरोप्याचें काम करितां येतें, तें एरव्हीं त्यास आंत मज्जाव असतो म्हणूनच.

आतां ॲड्रेनलिनाचें भावंड जें नॉरॲड्रेनलिन, तें स्नायुपेशीपाशीं येऊन पोहोंचलें असें समजूं. त्याचा बहुतेक भाग रक्तवाहिनीच्या भिंतींतील मज्जातंतूंच्या टोकांकडून येतो, कांहीं रक्तांतून येतो. पेशींत तें शिरत नाहीं. टपालवाला उंबरठ्याबाहेरूनच पत्र देऊन पुढें जातो, त्याला घरांत येण्याचें कारण पडत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. पेशीपटलांत आरपार बसलेलें एक ग्राही प्रथिन असतें. त्याच्या बाहेरच्या खोबणींत संप्रेरक बसलें कीं प्रथिनाची आंतली बाजू किंचित् वळते. तिला लागून असलेलें जी-प्रथिन त्यामुळें जागें होतें, आणि पटलाच्या आंतल्या अंगानें सरकत जाऊन फॉस्फोलायपेज-सी नांवाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमाला, चालना देतें. हें विकर कात्रीसारखें आहे. पटलांतीलच एका स्निग्ध पदार्थाचे तें दोन तुकडे करितें. डायॲसिलग्लिसरॉल हा एक तुकडा पटलालाच चिकटून राहतो. त्याचें काम पुढें येईल. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हा दुसरा तुकडा पाण्यांत विरघळणारा असल्यामुळें पटल सोडून आंत पसरतो. आंतल्या कोठाराच्या भिंतींत जीं दारें आहेत त्यांवर तो जाऊन बसतो, तीं उघडतात, आणि कॅल्शियम बाहेर लोटतें.

नव्वद वर्षें न सांपडलेला सांधा तो हाच दुसरा तुकडा. त्याचा माग काढणाऱ्यांत हॉकिन हें दांपत्य पहिलें. त्यांस 1953 सालीं असें दिसलें कीं, स्वादुपिंडाच्या पातळ कापांना उत्तेजक द्रव्य दिलें असतां त्यांतील या जातीच्या स्निग्ध पदार्थांची उलाढाल वाढते. ती कशासाठीं वाढते हें मात्र तेव्हां कळलें नाहीं. या उलाढालीचा कॅल्शियमाशीं संबंध असावा, असें मिचेल यांनीं 1975 सालीं सुचविलें. शेवटीं 1983 सालीं श्ट्रेब, अर्व्हिन, बेरिज व शुल्झ या चौघांनीं स्वादुपिंडाच्या पेशींचें पटल सच्छिद्र करून त्यांत इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट सोडलें आणि कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडल्याचें दाखविलें. हेच केंब्रिजचे बेरिज पूर्वीं अनेक वर्षें माशीच्या लाळग्रंथींवर प्रयोग करीत होते. माशीच्या लाळेचा अभ्यास करणाऱ्याची थट्टा करणें सोपें आहे. परंतु सृष्टिकर्त्यानें हीच साखळी माशीच्या लाळग्रंथींत बसविली आणि मनुष्याच्या रोहिणींतहि बसविली, ही गोष्ट त्या अभ्यासावांचून इतक्या लौकर कळली नसती.

आंतलें कोठार लहान असतें, त्यांतील सांठा फार वेळ पुरत नाहीं. म्हणून लगेच दुसरा पुरवठा सुरू होतो. पेशीपटलाच्या दोन बाजूंत विजेचा सूक्ष्म दाब असून आंतली बाजू ऋण असते. संप्रेरकाचा निरोप आला व आंत कॅल्शियम सुटलें कीं पटलांतील दुसरे मार्ग उघडून हा ऋण दाब कमी होतो. तो कमी होतांच पटलांतील एका विशिष्ट जातीचीं, विजेनें चालणारीं, कॅल्शियमाचीं दारें उघडतात आणि बाहेरचें कॅल्शियम आंत शिरतें. रक्तवाहिनी बराच वेळ आवळून राहावयाची असेल तर मुख्य भिस्त या बाहेरच्या दारांवर असते. हीं दारें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं, कारण औषधांच्या प्रकरणांत तीं पुन्हा येणार आहेत.

कॅल्शियम आंत आलें, पण तें स्वतः कांहींच ओढीत नाहीं. कॅल्मोड्युलिन नांवाचें एक लहानसें प्रथिन आंत वाट पाहत असतें. त्याला कॅल्शियमाचे चार कण चिकटले म्हणजे तें आकार बदलून एका विकराला मिठी मारितें. तें विकर मायोसिन नांवाच्या तंतूवर फॉस्फेटचा कण बसवितें. मग मायोसिन शेजारच्या ॲक्टिन तंतूला धरून ओढूं लागतें आणि पेशी आंखूड होते. दंडाच्या स्नायूंत ही व्यवस्था निराळी आहे. तेथें कॅल्शियम ॲक्टिन तंतूवरील अडसरच दूर करितें, म्हणून तो स्नायु डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच आवळतो. रक्तवाहिनीचा स्नायु सावकाश आवळतो, परंतु थोड्या शक्तींत तासन् तास ताण धरून ठेवितो. पाण्याची घागर कडेवर घेऊन दिवसभर उभें राहण्याचें काम दंडाला सांगून पाहा!

येथें एक चमत्कारिक कोडें उभें राहिलें. समुद्रांतील एका जेलीफिशपासून शिमोमुरा यांनीं 1962 सालीं इक्वोरिन नांवाचें प्रथिन मिळविलें होतें. त्याला कॅल्शियम लागलें कीं तें प्रकाशतें. मॉर्गन व मॉर्गन या जोडनांवाच्या संशोधकांनीं तें रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींत भरून 1982 सालीं आंतील कॅल्शियमाची भरती-ओहोटी प्रथमच टिपली. अशा प्रयोगांत असें दिसलें कीं, उत्तेजक द्रव्य देतांच प्रकाश झपकन वाढतो आणि लगेच बराच उतरतो. पण रक्तवाहिनीचा ताण मात्र उतरत नाहीं, तो वाढून तसाच टिकतो. निरोप्या निघून गेला तरी काम चालूच! याचा उलगडा असा. मायोसिनावर फॉस्फेट बसविणारें जसें एक विकर आहे, तसें तें काढून टाकणारेंहि एक आहे. संप्रेरकाचा निरोप कॅल्शियम सोडतो आणि त्याच वेळीं दुसऱ्या वाटेनें जाऊन या काढणाऱ्याचे हात बांधून ठेवितो. मघां पटलाला चिकटून राहिलेला डायॲसिलग्लिसरॉलचा तुकडा या कामांत साहाय्य करितो. रो-कायनेज नांवाचें आणखी एक विकर त्याहून मोठा वांटा उचलतें. फॉस्फेट काढणाराच अडकून पडल्यावर थोडक्या कॅल्शियमांतहि आवळण टिकते. केवळ कॅल्शियम मोजून रक्तवाहिनीची स्थिति सांगूं पाहणाऱ्याचा हिशेब येथें चुकतो.

याहून नवलाची गोष्ट पुढें कळली. पेशींत कॅल्शियम वाढलें म्हणजे ती आवळणारच, असेंहि नाहीं. जपानांतील ईनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1994 सालीं उंदराच्या शेपटीच्या रोहिणींतील एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तेव्हां मज्जातंतूच्या निरोपानें कॅल्शियमाची लाट पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धांवतांना दिसली. अशा लाटा पेशीला आवळतात. पुढील सालीं, म्हणजे 1995 मध्यें, व्हर्माँट विद्यापीठाचे नेल्सन व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूच्या रोहिण्यांत दुसराच प्रकार पाहिला. पटलाच्या अगदीं जवळ कोठारांतून कॅल्शियमाची नुसती ठिणगी उडते. ती इतकी लहान कीं मायोसिनाच्या तंतूंपर्यंत तिचा प्रभाव पोहोंचत नाहीं. परंतु पटलांतील पोटॅशियमाचीं दारें ती उघडते. पोटॅशियम बाहेर जातें, आंतला ऋण दाब वाढतो, कॅल्शियमाचीं तीं विजेचीं दारें मिटतात आणि पेशी सैल पडते. ज्या कॅल्शियमाची लाट आवळते, त्याचीच ठिणगी सैल करिते.

अस्तराच्या पेशींतहि हाच उलट न्याय आहे. फर्चगॉट यांनीं 1980 सालीं सशाच्या महारोहिणीवर दाखविलें कीं, ॲसिटिलकोलीन हें द्रव्य अस्तर शाबूत असतां रक्तवाहिनी सैल करितें, आणि अस्तर घांसून काढलें असतां सैल करीत नाहीं. पुढें उलगडलें तें असें: अस्तरांतील पेशींत कॅल्शियम वाढतें, त्यामुळें त्या नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार करितात, तो शेजारच्या स्नायुपेशींत झिरपतो आणि तेथील कॅल्शियम खालीं आणितो. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांस 1998 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. भिंतींत दोन शेजारी आहेत. एकाच्या घरीं कॅल्शियम वाढलें तर नळी आवळते, दुसऱ्याच्या घरीं वाढलें तर सुटते. संप्रेरकांचेंहि असेंच. ॲड्रेनलिन त्वचेच्या रोहिण्या आवळतें, परंतु हातापायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या रोहिण्यांवर निराळ्या जातीचीं ग्राही प्रथिनें पुष्कळ असल्यामुळें तेंच त्या सैल करूं शकतें. भ्यालेल्याच्या चेहऱ्यावरून काढलेलें रक्त पळणाऱ्या पायांना मिळतें तें असें.

आतां गोळ्यांकडे वळूं. मूत्रपिंडाच्या अर्कानें रक्तदाब चढतो हें स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन यांनीं 1898 सालींच दाखविलें होतें. त्या अर्काच्या योगानें रक्तांत तयार होणारें संप्रेरक 1939-40 च्या सुमारास ब्वेनोस आयरेस व इंडियानापोलिस येथें दोन मंडळींनीं स्वतंत्रपणें शोधिलें. एकांनीं त्यास हायपरटेन्सिन म्हटलें, दुसऱ्यांनीं अँजिओटोनिन; शेवटीं 1958 सालीं दोन्ही नांवांची अर्धीं अर्धीं जोडून अँजिओटेन्सिन असें नांव ठरलें. भांडणाचा इतका समंजस शेवट विद्वानांत क्वचितच दिसतो. हें संप्रेरकहि वर सांगितलेल्या साखळीनेंच रोहिण्या आवळतें. साखळी माहीत झाली कीं गोळ्यांच्या जागा आपोआप कळतात. कॅप्टोप्रिल व त्याच्या जातीच्या गोळ्या अँजिओटेन्सिन तयारच होऊं देत नाहींत. त्यांचा मार्ग ब्राझीलमधील एका विषारी सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून सांपडला. लोसार्टन ग्राही प्रथिनाची खोबणी अडवून बसतें, म्हणजे पत्र आलें तरी तें घेण्यास दार मोकळें नसतें. आणि अनेक घरांत दिसणारें ॲम्लोडिपिन तीं विजेनें चालणारीं कॅल्शियमाचीं दारें लोटून घेतें.

ॲम्लोडिपिनास कॅल्शियम-रोधक म्हणतात, आणि या नांवानें पुष्कळ घोंटाळा माजविला आहे. कॅल्शियमानें रक्तदाब वाढतो तर आजीनें दूध व नाचणी सोडावी काय, असा प्रश्न आम्हांस विद्यार्थ्यांनीं एकदां नव्हे, पुष्कळदां विचारिला आहे. कांहीं घरीं तर न विचारतांच दूध बंद झालेलें आम्हीं ऐकिलें. ही समजूत अगदीं चुकीची आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें 1 किलोग्रॅम कॅल्शियम असतें आणि त्यांतील 99 टक्के हाडांत व दांतांत असतें. रक्तांत तें शंभर मिलिलिटरांत सुमारें 9 ते 10 मिलिग्रॅम इतकें असून मानेंतील चार लहान ग्रंथि तें प्रमाण मोठ्या काटेकोरपणें सांभाळतात. पेल्याभर दुधानें तें बदलत नाहीं. बिघाड बाहेर कॅल्शियम किती आहे यांत नसून दारें किती वेळ उघडीं राहतात यांत आहे, आणि गोळी दारापाशीं काम करिते. ती हाडांतील कॅल्शियमहि काढून नेत नाहीं. म्हाताऱ्या माणसाचें दूध तोडून त्याचीं हाडें ठिसूळ करावीं आणि त्याच ताटांत लोणचें व पापड मात्र चालू द्यावे, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. डॉक्टर मीठ कमी करावयास सांगतात तें सकारण सांगतात.

त्या गोळीनें घोट्यांस सूज येते अशी तक्रार असते, ती मात्र खरी असूं शकते. गोळी रोहिण्यांना सैल करिते त्या मानानें नीला सैल होत नाहींत. त्यामुळें मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतें व संध्याकाळीं घोटे फुगतात. असें झाल्यास डॉक्टरांस सांगावें. गोळी आपल्या मनानें सोडूं नये. ॲम्लोडिपिन शरीरांतून निम्में होण्यास 30 ते 50 तास लागतात. म्हणून ती दिवसांतून एकदांच पुरते, आणि म्हणूनच एखादा दिवस चुकली तरी लगेच कांहीं जाणवत नाहीं. याच न जाणवण्यामुळें पुष्कळ लोक गोळीच नको असें ठरवितात आणि आठवड्यानें रक्तदाब पुन्हा जुन्या जागीं गेलेला असतो.

नॉरॲड्रेनलिनाची खोबणी अडविणारें प्राझोसिन नांवाचें औषधहि आहे. आपण अंथरुणावरून उठून उभे राहिलों कीं रक्त पायांकडे उतरूं लागतें. तें मेंदूला कमी पडूं नये म्हणून मज्जातंतु तत्क्षणीं नॉरॲड्रेनलिन सोडतात, वर सांगितलेली सारी साखळी हालते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हें इतक्या त्वरेनें होतें कीं आपणांस पत्ताहि लागत नाहीं. प्राझोसिन घेतलेल्या मनुष्याच्या बाबतींत हा निरोप दारावरून परत जातो. पहिल्या मात्रेनंतर तो एकदम उभा राहिला तर डोळ्यांपुढें अंधारी येऊन पडण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टर ती पहिली गोळी रात्रीं, निजावयास जातांना, घ्यावयास सांगतात.